घरखर्चाची आगोट: पगार महिन्याचा, हिशेब वर्षाचा

आमच्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, लग्न करून भांडुपला आल्या त्याला 40 वर्षं होतील, पण मे महिना लागला की अजून त्यांचं "आगोट भरायला घ्या गं" सुरू होतं. आगोट म्हणजे पाऊस लागायच्या आधी चार महिन्यांचं सामान घरात भरून ठेवायचं, मसाला, सुकी मासळी, कोकमं, कडधान्यं. मला घरखर्चाचं जे काय थोडंफार कळलंय ते यातूनच कळलंय, कारण मी कितीतरी वर्षं महिन्याचं बजेट करायचे आणि दर जूनमध्ये ते कोलमडायचं. शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार म्हणजे फी, वह्या, युनिफॉर्म, रेनकोट सगळं एकाच पगारातून, त्यातून सावरतोय तोवर गणपती, मग दिवाळी, आणि आपण म्हणतो या महिन्यात जरा जास्त खर्च झाला. अहो तो दरवर्षी त्याच महिन्यात होतो!

म्हणून पहिलं काम हे करा. एक वही घ्या आणि वर्षातून एकदा-दोनदाच येणारे खर्च तेवढे लिहा, रोजचा भाजीपाला, दूध नको. आमची यादी अशी आहे, शाळेचं सगळं मिळून 30,000, गणपतीला गावी जाणं 18,000, दिवाळी 15,000, विम्याचे हप्ते 21,000, आगोट 6,000, लग्नकार्यातले आहेर 6,000. झाले 96,000. भागिले 12 म्हणजे महिन्याला 8,000. हे पैसे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे, ज्या खात्याचं यूपीआय फोनमध्ये नाहीये अशा खात्यात, किंवा बँकेत 12 महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, काढा. तुम्हाला 8,000 जमत नसतील तर 3,000 ने सुरू करा पण यादी पूर्ण लिहा, अर्धी लिहिली तर उरलेली अर्धी नेमकी वेळेला अंगावर येते. भिशी असेल तर चांगलंच आहे, पण अगदी ओळखीतली हवी आणि शाळेच्या फीचे पैसे तिच्या भरवशावर मुळीच ठेवू नका.

आता खरी आगोट. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ताजी मासळी कमी आणि महाग, म्हणून सुकट, जवळा, सुके बोंबील मेमध्येच घ्यायचे. आम्ही मरोळच्या बाजारातून आणतो, शेजारच्या दोन घरांचं पण एकत्र घेतो म्हणजे भाव करता येतो, मग गच्चीवर एक-दोन कडक उन्हं दाखवायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. मसाल्याच्या मिरच्या लालबागला, बेडगी आणि संकेश्वरी मिळून, डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मसाला कुटून आणायचा आणि बरणीत वर हिंगाचे खडे, वर्षभर टिकतो.

पण सगळंच भरून ठेवू नका हां, मुंबईच्या दमट हवेत रवा, बेसन यांना लगेच कीड लागते, आणि 300 स्क्वेअर फुटात ठेवणार कुठे? रवा आणलात तर भाजूनच ठेवा, बेसन अर्धा किलोच्या वर आणू नका. फेकून दिलेलं स्वस्त सामान सगळ्यात महाग पडतं, मी दोन किलो मैदा टाकलाय म्हणून सांगते. दुकानात मोठं पाकीट दिसलं की एमआरपीच्या जवळ ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं ते छापलेलं असतं ते बघा, मोठं पाकीट दरवेळी स्वस्त नसतं.

लोकलच्या पासाचं पण असंच गणित आहे, तिमाही पास महिन्याच्या पासाच्या 2.7 पट पडतो, म्हणजे तीन महिन्यांत साधारण 9 दिवस फुकट. सहामाही 5.4 पट आणि वार्षिक 10.8 पट, म्हणजे सवलत तेवढीच, वर्षाचे पैसे अडकवायची गरज नाही, तिमाही बास झाला. ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस असेल तर आधी तिकिटांशी ताडून बघा.

लाइटबिलात एकच गोष्ट सांगते, पंखे. जुना पंखा 75 वॅट खातो, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण 30. दिवसाला 15 तास चालला तर महिन्याला 20 युनिट वाचतात, ते पण एका पंख्यामागे. आम्ही दिवाळीला एक आणि पाडव्याला एक असे बदलले.

आता सगळ्यात अवघड, छोटे खर्च. मार्चमध्ये मी आमच्या दोघांची यूपीआय हिस्टरी काढली, 200 रुपयांच्या आतले 63 व्यवहार, एकूण 5,870 रुपये, आणि त्यातले निम्मे कशाचे ते दोघांनाही आठवेना. दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या एका अ‍ॅपवर तर कोथिंबीर मागवताना डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून चिप्स, बिस्किटं टाकलेली, तीन-तीनदा. तेव्हापासून फ्रिजवर कागद लावलाय, काय संपलं ते तिथे लिहायचं आणि दोन दिवसांनी कोणीतरी स्टेशनवरून येताना घेऊन यायचं. खूप वेळा दोन दिवसांत ती वस्तू लागतच नाही. रविवारी रात्री जेवणं झाली की आम्ही दहा मिनिटं हिस्टरी बघतो, पण एक नियम आहे, कोणी कोणाला बोलायचं नाही. नवऱ्याचा टपरीवरचा चहा मी काढायचा नाही, माझा शनिवारचा गजरा त्याने काढायचा नाही. भांडण झालं की दुसऱ्या आठवड्यापासून माणूस लपवायला लागतो आणि मग हिशेबाला काही अर्थ राहत नाही. मुलांना पण बसवा, आमची नववीतली मुलगी आता स्वतःच म्हणते की ट्रिप हवी असेल तर वहीत कुठून काढायची.

रोजच्या औषधांसाठी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, एकदा चौकशी करा, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांच्या खर्चात आम्हाला चांगला फरक पडला.

आणि जे मोडणार हे माहीत आहे त्याला पण वहीत ओळ द्या. आमचा फ्रिज 11 वर्षांचा झालाय, दार नीट लागत नाही, तर यंदापासून त्याच्या नावाने महिना 500 रुपये. दोन वर्षं टिकला तर 12,000 जमतील, आधी गेला तर जेवढे असतील तेवढ्याने नव्या फ्रिजचा हप्ता कमी बसेल.