देणगीदाराची आठवण फक्त नाताळात नको
मी एका ख्रिस्ती संस्थेत देणगीदारांचं काम पाहते. नव्या सहकाऱ्याला आधी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा 4 था अध्याय वाचायला देते. पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत पोहोचली आहे, आणि पौलाच्या आभारात पुढची मागणी नाही. आपलं पहिलं पत्रही तसंच हवं: पावतीसोबत दोन ओळी, पैसे कुठे लागणार ते, आणि हाताने केलेली सही.

वर्षाची आखणी उपासनेच्या वर्षाप्रमाणे, म्हणजे चर्चच्या सणांच्या क्रमाने करा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात फोन करून प्रार्थनेचे विषय विचारा, वहीत टिपा आणि पुढच्या प्रार्थनासभेत खरोखर घ्या. आजारपण, घरातले वाद मात्र नाव घेऊन जाहीर करू नका. विश्वासाने सांगितलेलं असतं ते. ईस्टरनंतर कामाची हकीकत कळवा, अडलेलं कामसुद्धा. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास काम बघायला बोलवा. नाताळाआधीच्या आगमनकाळात देणगी मागा, पण रक्कम आणि कारण स्पष्ट सांगून.

मुलांचे केविलवाणे फोटो मला मुळीच मान्य नाहीत.

एखाद्याची देणगी थांबली तर महिनाभरात फोन करा, पैशांचा विषय न काढता. नोकरी गेली असेल, घरात कुणी आजारी असेल. आपण काय करू शकतो ते विचारा.