कॅमेरा घेऊन पहिल्यांदा हरिश्चंद्रगड

हरिश्चंद्रगडावरून परतलेल्या नवख्या फोटोग्राफरचं कार्ड उघडलं की एक गोष्ट हमखास दिसते. पायथ्याच्या पाचनई गावाचे ६० फोटो, वाटेतल्या ओढ्याचे ४०, आणि गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावरचा सूर्यास्त? तो गडावरच्या मंदिरापाशी चहा पिता पिता होऊन गेलेला असतो. कॅमेरा चांगला असतो, हातही वाईट नसतो, घड्याळ चुकलेलं असतं. म्हणून डोंगरावरची फोटोग्राफी शिकताना आधी वेळेचं गणित, मग वजनाचं आणि शेवटी बटणांचं, असा क्रम धरावा. बटणं घरी गच्चीवरही शिकता येतात.

पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांमध्ये सोपी. नेहमीचा ट्रेकर दोन-अडीच तासांत मंदिरापाशी पोहोचतो. कॅमेरेवाला पोहोचत नाही. एक फोटो म्हणजे थांबणं, सॅक सावरणं, फ्रेम बघणं, दोनदा काढणं आणि मोडलेली चाल पुन्हा पकडणं. त्यात ३-४ मिनिटं जातात. असे १५ थांबे झाले की तास संपला. आता उलटं मोजा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण ६ ला मावळतो, म्हणजे कड्यावर ५ ला हजर हवं. मंदिरापासून कडा अर्धा तास. सामान टाकून, पाणी भरून, दोन घास खायला अर्धा तास. चढ अडीच तास, थांब्यांचा एक तास. पाचनई साडेबारालाच सोडायला हवी. मुंबईहून कसारा-राजूर मार्गे येणाऱ्याने पहाटेची लोकल पकडली तरच हे जमतं. सकाळी आरामात नाश्ता करून निघालं की सूर्यास्त गेला म्हणून समजा.

खुबी फाट्यावरून खिरेश्वर, पुढे तोलार खिंड, ही वाट पुणेकरांच्या सवयीची. खिंडीच्या वर कातळटप्पा आहे. तिथे रेलिंग आहे, पण दोन्ही हात लागतात. त्यानंतर टेकड्यांची चढउतार सुरू होते आणि धुक्यात माणसं इथेच चुकतात. वर पोहोचायला चार-पाच तास धरा. बेलपाड्यातून चढणाऱ्या नळीच्या वाटेवर नवख्याने कॅमेऱ्याचा विचारच करू नये. ती सुट्या दगडांची घळ आहे. फोटोसाठी एकाने पाय हलवला की दगड खालच्याच्या डोक्याकडे निघतो. तिथे हेल्मेट, दोर आणि जाणता माणूस हवा, कॅमेरा सॅकच्या पोटात हवा.

पाठीवर काय आणि छातीवर काय

एका रात्रीच्या ट्रेकला सॅक १० किलोच्या आत ठेवायची. त्यात पाणीच ३ लिटर, म्हणजे ३ किलो. स्लीपिंग बॅग, मॅट, जादा कपडे, खाणं धरून आणखी साडेचार-पाच. कॅमेऱ्याच्या वाट्याला दोन-सव्वादोन किलो उरतात, आणि ते पुरतात. साधी बॉडी आणि तिच्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स मिळून ७०० ग्रॅमच्या आसपास, हलका ट्रायपॉड सव्वा किलो, दोन जादा बॅटऱ्या, ३२ जीबीची दोन कार्डं. बस. दुसरी लेन्स नकोच. कोकणकड्यावर वारा असा असतो की लेन्स बदलेपर्यंत सेन्सरवर माती बसलेली असते.

गळ्यात पट्ट्याने लोंबणारा कॅमेरा हा चढावरचा सगळ्यात मोठा त्रास. वाकलं की तो पुढे झुलतो, कातळावर आपटतो आणि तो वाचवायला हात जातो. तोच हात खोबणीत असायला हवा होता. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप मिळते, ती घ्या. नाहीतर छातीवर लहान पाऊच बांधा. कातळटप्पा आला की कॅमेरा सॅकमध्ये टाका, टप्पा संपला की बाहेर काढा. आणि एक नियम गटात सगळ्यांनी पाळायचा: डोळा व्ह्यूफाइंडरला असताना पाऊल उचलायचं नाही. जागा बदलायची तर आधी कॅमेरा खाली, मग पाय. कड्यांवरचे फोटोच्या नादातले अपघात मागे सरकताना किंवा 'अजून थोडं' म्हणत पुढे जाताना होतात. फोनवाल्यांनाही हेच लागू.

कोकणकडा

कडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि आत वळलेला, वाटीसारखा. याचे दोन परिणाम फोटोवर होतात. पहिला असा की सकाळभर भिंत सावलीत, काळपट. कातळाचे थर, भेगा, गवताच्या रेषा उठून दिसतात त्या साडेतीन ते पाचच्या तिरप्या उन्हात. सूर्यास्ताला येणारी मंडळी भिंतीचा फोटो काढायच्या वेळी वाटेवर असतात. दुसरं म्हणजे कड्याच्या मधोमध उभं राहून कडा दिसत नाही, पायाखालची दरी तेवढी दिसते. वाटीच्या एका टोकाला जा, तिथून समोरची कमान दिसते. लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला, १८ एमएममध्येही, ती मावत नाही. कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे सहा-सात फोटो काढा, प्रत्येकात आधीचा एक तृतीयांश भाग यायला हवा. मॅन्युअल मोडवर एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर एकदाच ठरवा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) 'डेलाइट'ला बांधून टाका. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक तुकड्याचं आकाश वेगळ्या निळ्याचं येतं आणि जोड दिसतात. समोरच्या काठावर, सुरक्षित अंतरावर, माणूस दिसत असेल तर तो फ्रेममध्ये राहू द्या. त्याच्याशिवाय भिंतीची उंची कळत नाही.

सूर्यास्ताची एक गोष्ट गुपित नाही, पण कोणी सांगत नाही. हिवाळ्यात कोकणावर धुरकट थर असतो आणि सूर्य पंचांगातल्या वेळेच्या १०-१५ मिनिटं आधीच त्यात विझतो. तांबडा गोळा हवा असेल तर शेवटच्या क्षणाची वाट बघू नका. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) मायनस ०.७ ते १ वर घ्या, नाहीतर कॅमेरा दरी उजळायला जातो आणि आकाश पांढरं करतो.

खालून वर येणारा वारा इथे जबरदस्त. दरीत टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, हा खेळ सगळे करतात (प्लास्टिकने करू नका). तोच वारा ट्रायपॉडही आडवा करतो. मधली दांडी वर काढू नका, पाय रुंद पसरा आणि सॅक दांडीला अशी टांगा की तिचा तळ जमिनीला टेकेल. हवेत लोंबणारी सॅक झुलते आणि फोटो हलतो.

आता इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनामुळे ते ट्रेकरांत गाजलं. आपली सावली खालच्या ढगावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. त्याला तीन गोष्टी लागतात: सूर्य बरोबर पाठीमागे, समोर खाली दाट ढग आणि मधली हवा मोकळी. कडा पश्चिमेकडे असल्यामुळे हे सकाळीच जमतं, तेही मागच्या चढावरून सूर्य वर आल्यावर. पावसाळ्यातली उघडीप आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे दिवस.

यासाठी अगदी काठावर जावं लागतं हा समज चुकीचा आणि घातक आहे. हिशेब साधा आहे. सूर्य क्षितिजावर जितके अंश वर, तितकेच अंश वर्तुळाचं केंद्र क्षितिजाच्या खाली. सूर्य ३० अंशांवर असेल आणि डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर असतील, तर काठापासून दोन मीटर मागे उभं राहूनही पूर्ण वर्तुळ दिसतं. सूर्य आणखी खाली असेल तर त्याहूनही मागून. वर्तुळ लहान असतं, म्हणून ३५ ते ५५ एमएम वापरा. ऑटोफोकस ढगावर पुढेमागे फिरत बसतो. दूरच्या एखाद्या सुळक्यावर फोकस धरून मॅन्युअलला टाका. ढग पांढरा यायला प्लस ०.७ द्या, नाहीतर राखाडी येतो. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावलेला असेल तर काढा. खेळ दोन मिनिटांत संपू शकतो, तेव्हा सेटिंग आधीच करून बसायचं.

गुहा आणि रात्र

केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं थंडगार पाणी असतं आणि चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. फोटो सगळे तोच काढतात, बहुतेकांचा सपाट येतो, कारण फ्लॅश. समोरून मारलेला उजेड खांबाची गोलाई खातो आणि पाण्यावर पांढरा डाग टाकतो. ट्रायपॉड कोरड्या कातळावर ठेवा, आयएसओ ४००, एफ ८, ४ ते ८ सेकंद. सोबत्याला हेडटॉर्च घेऊन बाजूला उभं करा आणि उजेड हलकेच फिरवायला सांगा. गुहेच्या तोंडाचा उजेड आणि आतला अंधार एका फोटोत मावत नाही, म्हणून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी-जास्त करून तीन फोटो घ्या. पूजेला आलेल्यांना आधी वाट द्या. ट्रायपॉड अडवून बसलेला माणूस कोणालाच आवडत नाही.

आकाशगंगेचा गाभा फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे ४ ला, एप्रिलच्या मध्यावर रात्री १ नंतर आणि मेच्या मध्यावर ११ पासून नीट दिसतो. अर्थात अमावास्येच्या आसपास. तो आग्नेयेला उगवतो, म्हणजे कोकणकड्याच्या बरोबर पाठीमागे. कड्यावर ट्रायपॉड रोवून दरीकडे बघत बसणाऱ्याला तो मिळत नाही. अग्रभागी मंदिराचा कळस घ्या. १८ एमएम, एफ ३.५, आयएसओ ३२००, १५ सेकंद. दीडच्या क्रॉपवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १८ ची दीडपट २७, आणि '५०० च्या नियमाने' ५०० भागिले २७ करून १८ सेकंद येतात, पण तेवढ्यात तारे किंचित ओढले जातात. फोकससाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) ठळक तारा मोठा करा, तो लहानात लहान टिंब होईपर्यंत रिंग फिरवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. किट लेन्सची रिंग नुसत्या बोटाच्या धक्क्यानेही फिरते.

ताऱ्यांचे वर्तुळाकार माग हवे असतील तर उत्तरेकडे बघा. ध्रुवतारा इथे क्षितिजावर साधारण १९ अंशांवर असतो. हात ताठ केला तर एका मुठीवर दुसरी मूठ ठेवून तिथे पोहोचता येतं. ३० सेकंदांचे १२० फोटो सलग, आणि 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद. ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो आणि मागांत तुटक रेघा येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ध्या तासात लेन्सवर दव धरतं. लेन्सवर मोजा चढवून त्यात गरम होणारी छोटी पुडी सरकवा. मोजा धुतलेला असावा. जादा बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ.

गडावरच्या तारामती शिखरावरून सूर्योदय पाहायचा तर मंदिरापासून पाऊण तास धरून अंधारातच निघावं लागतं. वाट उभी आहे, हेडटॉर्चशिवाय नको.

ओल

कॅमेऱ्यात पाणी पावसातून जितकं जातं त्याहून जास्त आपल्या हातून जातं. थंड कॅमेरा तीन माणसांच्या श्वासाने कोंदटलेल्या तंबूत नेला की काचेवर आणि आतही बाष्प धरतं. बाहेर असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा, मग आत न्या, अर्ध्या तासाने उघडा. पावसात झूम कमी फिरवा. नळी आतबाहेर झाली की लेन्स हवा ओढते, आणि ती हवा ओली असते. शॉवर कॅप आणि रबरबँड हे सगळ्यात स्वस्त आवरण. कॅमेऱ्याच्या अंगावरचं पाणी पंच्याने पुसा, काच मायक्रोफायबरने. काचेला पंचा लावू नका. मायक्रोफायबरची तीन फडकी घ्या, कारण ओलं फडकं पाणी नुसतं पसरवतं.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ड्रोन परवानगीशिवाय न्यायचा नाही, आणि तंबू व मुक्कामाचे चालू नियम पाचनईच्या नाक्यावरच विचारून घ्यायचे. कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात, तेव्हा धूर, शेकोटी, अत्तर टाळा. सोनकीचा पिवळा गालिचा सप्टेंबरात फुलतो. त्यात बसून फोटो काढला की मागच्याला तुडवलेलं गवत मिळतं. पायवाटेवरच बसा, कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणा, ५५ एमएम, एफ ५.६, आणि मागे डोंगर धूसर येऊ द्या.

वर पिठलं-भाकरी देणाऱ्या बायकांचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं विचारायचं, आणि नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर चुलीच्या उजेडात आयएसओ १६०० आणि शटर १/६०, फ्लॅश नाही. पुढच्या खेपेला ४ बाय ६ ची प्रिंट घेऊन जा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट भिंतीवर लागते.

घरी आल्यावर सॅक कोपऱ्यात टाकून झोपू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली तासभर ठेवा. मग हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाजा, पण त्या तव्यावर पुन्हा भाकरी करू नका. तांदळात कॅमेरा पुरायचा नाही, त्याची पूड फटींत जाते. कॅमेरा बॅगेत तर ठेवूच नका, बॅगेचा ओला स्पंज हेच बुरशीचं घर. पंधरा दिवसांनी लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघ दिसली तर स्वतः उघडायला जाऊ नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. पहिल्या महिन्यात ती पुसली जाते, वर्षभराने काचेवरचा लेप खाऊन टाकते.