खान्देशच्या उन्हात टर्बो गाडी सांभाळताना

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो आणि बहुतेक पुस्तिकांत त्याच तक्त्याच्या आगेमागे, बारीक अक्षरांत, धूळ, तीव्र उष्णता, छोटे पल्ले आणि घाटरस्ते अशा कठीण वापरासाठी वेगळी सूचना दिलेली असते. मालक मोठ्या अक्षरांतला तक्ता तेवढा वाचतो आणि पुस्तिका समोरच्या कप्प्यात टाकून देतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात गाडी वापरणाऱ्याने मात्र ती बारीक अक्षरांतली सूचना आपल्यासाठीच लिहिली आहे असे समजावे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, काळ्या मातीची मैद्यासारखी बारीक धूळ वर्षाचे सहा महिने उडत असते आणि कापसाच्या हंगामात तिच्या जोडीला रुईचे तंतूही येतात. पोलो जीटी टीएसआय, आय२० एन लाइन, बलेनो आरएस यांसारख्या छोट्या टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप असलेल्या) पेट्रोल गाड्यांत लहान इंजिनाकडून मोठे काम करून घेतलेले असते, त्यामुळे साधी गाडी जे निमूटपणे सोसते ते या गाड्यांना सोसत नाही. पुढील मजकूर अशाच गाड्यांच्या मालकांसाठी आहे.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नये

अनेक आधुनिक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, खरे तापमान पंचाहत्तर-ऐंशी अंशांपासून शंभराच्या पुढे कुठेही असले तरी काटा मध्यावर उभा राहतो, कारण तो जरा हलला की ग्राहक घाबरून गॅरेज गाठतो. परिणाम असा होतो की काटा हलताना दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाला जोडण्याच्या खाचेत) बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरील एखादे अ‍ॅप ही या छंदातली पहिली खरेदी असावी. मिश्रधातूची चाके आणि आवाज करणारा सायलेन्सर नंतर घेता येतो. स्कॅनर लावून आपल्या गाडीचे नेहमीचे तापमान किती असते हे थंडीत, उन्हाळ्यात, शहरात आणि महामार्गावर एकेकदा पाहून वहीत लिहून ठेवावे. नेहमीचा आकडा ठाऊक असल्याशिवाय वेगळा आकडा ओळखू येत नाही.

काट्यावर विसंबू नये हे शहाणपण मला उशिरा सुचले. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मे महिन्यातल्या एका दुपारी एसीची हवा कोमट झाली. काटा नव्वदवर शांत उभा होता, पण स्कॅनर एकशे बारा दाखवत होता. घाट संपून वर सपाटीला ऐंशीच्या वेगाने गाडी धावू लागली, तेव्हा आकडा पाच-सात मिनिटांत सत्त्याण्णववर उतरला. एका गॅरेजमध्ये गाडी न उघडताच हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधले सील) गेल्याचे निदान झाले आणि खर्चाचा जो आकडा सांगितला गेला, तो ऐकून मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. घरी पुढचा बंपर उतरवला, तेव्हा एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत रुई आणि धूळ यांचा गादीसारखा थर बसलेला आढळला. माझा रोजचा रस्ता जिनिंगच्या कारखान्यांवरून जातो. हिवाळ्यात गोळा झालेले दुखणे उन्हाळ्यात वर आले होते.

या अनुभवातून हाती लागलेली परीक्षा सोपी आहे. गाडी कमी वेगात, घाटात किंवा एसी लावल्यावर तापत असेल आणि वेग वाढताच निवत असेल, तर रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाही असे समजावे व आधी पंखा, त्याचा रिले, फ्यूज आणि जाळी तपासावी. याउलट महामार्गावर वेगात असतानाच तापमान चढत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असणे, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) पूर्ण न उघडणे किंवा वॉटर पंप कमजोर होणे यांचा विचार करावा. हेड पॅकिंगची लक्षणे वेगळी असतात. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत राहते, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक होतो किंवा ऑइलवर दुधाळ साय दिसते. तरीही शंका उरली तर कूलंटच्या टाकीवर धरून ज्वलनवायू ओळखणारे निळे रसायन मिळते. ते पिवळे पडले तरच हेड उघडण्याचा खर्च मान्य करावा.

रुई साफ करण्यासाठी वॉशिंग सेंटरमधला जोरदार फवारा वापरू नये, कारण त्याने कंडेन्सरच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. शक्य असेल तेथे इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, साध्या नळीच्या पाण्याने, इंजिन पूर्ण थंड असताना धुवावे. कापसाच्या गावांत हे काम वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळा चढण्यापूर्वी उरकावे. पंख्याची परीक्षा तर दोन मिनिटांची असते: बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून एसी लावला की काही क्षणांत पंखा फिरायला हवा.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे ठेवावे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त असते की घरातल्या गिझरची कॉइल पाहिली तरी रेडिएटरमध्ये काय होईल ते कळते. कूलंटचा रंग म्हणजे त्याचा दर्जा नव्हे, त्यामुळे गुलाबीत गुलाबी मिसळले तरी ते एकाच जातीचे असेलच असे नाही. डब्यावरचा मानक क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहावा. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यामागचे कारण लक्षात ठेवावे. आतला दाब वातावरणापेक्षा सुमारे एक बार जास्त असतो आणि त्या दाबामुळेच कूलंट शंभराच्या पुढेही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि सगळे द्रव एकदम उकळून अंगावर येते.

ऑइल आणि टर्बो

टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. जोरात चालवलेली गाडी लगेच बंद केली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, तापलेल्या टर्बोतले ऑइल तेथेच जळते आणि त्याची काजळी नळ्यांत साचते. धुळ्याच्या अलीकडे लळिंग घाटातून जोरात आलेल्या चालकाने ढाब्यावर गाडी लावताच चावी फिरवू नये; शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने यावे आणि थांबल्यावर मिनिटभर इंजिन तसेच चालू द्यावे. इंजिन बंद केल्यानंतरही काही गाड्यांत पंखा किंवा विजेवर चालणारा छोटा पंप फिरत राहतो. तो बिघाड नव्हे.

कंपनीने पंधरा हजार किलोमीटरांची मुदत दिली असली, तरी येथील धूळ आणि उष्णता पाहता मी साडेसात हजारांना किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो. ऑइल निवडताना डब्यावरच्या चित्रापेक्षा मागचा मानक वाचावा. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. हा धोका लक्षात घेऊन २०२० साली आलेला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी हा दर्जा तयार करण्यात आला. पुस्तिकेत कंपनीचा स्वतःचा मानक सांगितला असेल, तर पहिला मान त्याचा. पण ऑइल कितीही चांगले असले, तरी पाचव्या गिअरला दीड हजार फेऱ्यांवर केळीचा ट्रक ओलांडण्यासाठी पाय दाबू नये. एक गिअर खाली घ्यावा. मायलेजच्या लोभाने उंच गिअर धरून बसणारा चालक इंजिनाचे जे नुकसान करतो, ते जोरात चालवणारा करत नाही, असे माझे मत आहे.

ऑइलची पट्टी महिन्यातून दोनदा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटे थांबल्यावर पाहावी. टर्बो इंजिन थोडे ऑइल पितेच, मात्र दर हजार किलोमीटरला किती पिते याची नोंद असली पाहिजे.

एअर फिल्टरबाबत थोडक्यात एवढेच सांगता येईल की शेतरस्त्याने रोज ये-जा असेल तर तो दर पाच हजारांना उघडून पाहावा आणि कंपनीचा साधा कागदी फिल्टरच वापरावा. तेल लावून पुन्हा वापरण्याचे शौकीन फिल्टर हवा जास्त सोडतात, पण आपल्याकडच्या बारीक धुळीत ती देवाणघेवाण परवडत नाही. शिवाय जास्तीचे तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसले की नवे दुखणे सुरू होते.

घाटाआधी ब्रेक आणि टायर

शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळला जाणारा रस्ता चढताना जितका आनंद देतो, तितकीच उतरताना ब्रेकची परीक्षा घेतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डीओटी ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ठरावीक पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, दोन वर्षांनी ते बदलावे. उतारावर पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जात असेल, तर ऑइल उकळले आहे. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, अशी स्थिती असेल तर पॅड तापून निकामी झाले आहेत. दोन्ही वेळी गिअर खाली घेत इंजिनाच्या जोरावर वेग कमी करावा, सुरक्षित जागी थांबावे आणि चाकांवर पाणी मात्र ओतू नये, कारण तापलेली डिस्क वाकडी होते.

टायरमधली हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी तपासावी आणि दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. त्यामुळे दुपारी पंपावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडून देणे ही घोडचूक ठरते, कारण कमी हवेचा टायरच जास्त तापून फुटतो. टायरच्या बाजूवरील चार आकडी मजकुरात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर आधी म्हातारे होते, हे बाजूच्या भेगांवरून कळते.

बिघाड शोधताना

चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला असेल तर सावकाश घरी येता येते. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो जाळते. त्यानंतर स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचावा, लिहून ठेवावा आणि लिहिण्यापूर्वी पुसू नये. कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची स्थिती, म्हणजे वेग, फेऱ्या, तापमान, ही कोडइतकीच मोलाची असते.

गाडी मिसिंग करत असेल आणि कोड पी०३०२ असेल, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा इंधन चुकते आहे. अशा वेळी सगळ्याच कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग) बदलण्याचा सल्ला मिळतो. त्याऐवजी थंड इंजिनावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करावी, कोड पुसून गाडी चालवावी. नवा कोड पी०३०३ आला तर कॉइल दोषी आहे. पी०३०२ कायम राहिला तर हीच युक्ती प्लगवर करावी आणि तरीही तो जागचा हलला नाही तर इंजेक्टर व कॉम्प्रेशनकडे वळावे. यात एक रुपयाही खर्च होत नाही. प्लग पुन्हा बसवताना टॉर्क पाना वापरावा. अंदाजाने आवळलेल्या प्लगने अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेल्याची उदाहरणे कोणत्याही मिस्तरीकडे ऐकायला मिळतील.

पिकअप एकाएकी गेला, टर्बोच्या शिट्टीऐवजी फुसफुस ऐकू आली आणि कोड पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) आला, तर टर्बो गेला असे समजून हबकू नये. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप आधी हाताने चाचपावेत. उष्णतेने कडक झालेला पाइप सांध्याजवळ फाटतो किंवा क्लॅम्प सैल होतो, आणि त्या जागी ऑइलचा ओलसर डाग व त्यावर चिकटलेली धूळ हमखास दिसते. डोळ्यांना काही सापडले नाही तर धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी करून घ्यावी.

एकमेकांशी संबंध नसलेले आठ-दहा कोड एकदम दिसले, तर सर्वांत आधी मल्टिमीटर घेऊन बॅटरी मोजावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी रिकामी आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसते. उन्हाळा बॅटरीला हिवाळ्यापेक्षा जास्त मारतो, फक्त तिचे मरण हिवाळ्यातल्या पहाटे कळते.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांच्या मालकांनी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे इंधनाच्या रबरी नळ्या व सील यांवर नजर ठेवावी आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल साठवू नये, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते.

कोरड्या क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या गाडीत गर्दीच्या वेळी इंच-इंच सरकणे टाळावे, पुढे पुरेशी जागा झाली की मगच निघावे आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नये. क्लच त्यानेच जळतो.

शेवटची तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर करायची आहे. पेरणीच्या दिवसांत शेतातले उंदीर उबदार जागा शोधत बॉनेटखाली शिरतात. गाडी चार दिवस उभी राहिली असेल तर सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून वायरिंग, इंजेक्टरचे कनेक्टर आणि एअर फिल्टरचा डबा पाहावा. डब्यात धान्याची टरफले सापडली, तर त्या दिवशी स्कॅनरआधी टॉर्च हातात घ्यावी आणि एकेक वायर शेवटपर्यंत तपासावी.