एका वेताची दोन पिल्ले आणि माझी ओरबाडलेली मनगटे

कुत्र्याची दोन पिल्ले एकदम आणली की ती एकमेकांत रमतात, एकमेकांना चावून दमतात आणि माणसाच्या वाट्याला फारसे दात येत नाहीत, असे मला एकाहून अधिक अनुभवी माणसांनी छातीठोकपणे सांगितले होते. त्यावर विश्वास ठेवून मी एकाच वेताची दोन पिल्ले, बंड्या नावाचा नर आणि गोटी नावाची मादी, नवव्या आठवड्यात घरी आणली. महिना उलटायच्या आत माझ्या दोन्ही मनगटांवर इतके ओरखडे झाले होते की चारचौघांत जाताना मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागले. पिल्ले एकमेकांत रमली होती, हे खरेच होते. त्या खेळात माझे हातपाय हे तिसऱ्या पिल्लाचे हातपाय ठरले होते, एवढेच.

पिल्लू तोंडाने जग तपासते आणि त्याचे चावणे हा राग नसतो, हे वाचकांना ठाऊक असेल, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. दातांचा हिशेब मात्र लक्षात ठेवावा. दुधाचे २८ दात सुईसारखे अणकुचीदार असतात, साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवत असल्यामुळे या काळात चावण्याला पुन्हा भरती येते. बाराव्या आठवड्यात शहाणे झालेले पिल्लू अठराव्या आठवड्यात बिघडल्यासारखे वाटले, तर घाबरू नये.

मी जिथे फसले ती जागा मात्र सविस्तर सांगते, आणि सांगताना पुनरुक्ती झाली तर ती मुद्दाम केली आहे असे समजावे. चावऱ्या पिल्लासाठी सर्वत्र दिला जाणारा सल्ला असा असतो की, दात लागताच खेळ थांबवावा, काही न बोलता उठून खोलीबाहेर जावे आणि वीस-तीस सेकंदांनी शांतपणे परत यावे. चावले की माणूस जातो आणि माणूस गेला की मजा संपते, ही सांगड पिल्लाच्या डोक्यात हळूहळू पक्की होते, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. सल्ला उत्तम आहे आणि मी तो निष्ठेने पाळला. एका संध्याकाळी तर मी खोलीतून बाहेर जाण्याच्या खेपा मोजल्या. सतरा झाल्या होत्या. प्रत्येक वेळी परत आल्यावर दिसे ते एकच: बंड्याने गोटीचा कान धरलेला, गोटीने त्याची शेपूट ओढलेली, आणि मी बाहेर गेले होते याची दोघांनाही खबर नाही.

इथेच सगळे अडते. माझे निघून जाणे ही शिक्षा तेव्हाच ठरते, जेव्हा माझ्याबरोबर मजाही निघून जाते. दोन पिल्लांच्या खोलीत मजा मागेच राहते, कारण खेळगडी मागे राहतो. पिल्लाच्या दृष्टीने पाहिल्यास, चावल्यावर एक अवजड, मंद आणि सारखा कण्हणारा भिडू मैदानातून बाहेर जातो आणि चपळ भिडू मोकळा सापडतो. म्हणजे मी शिक्षा समजून जे देत होते ते कदाचित बक्षीसच होते. माणूस येतो-जातो, भावंड मात्र कायम असते, हा धडा मी त्यांना दिवसातून सतरा वेळा शिकवत होते.

दुसरा घोटाळा मापाचा होता. आई आणि भावंडे पिल्लाला दातांचा जोर आवरायला शिकवतात हे खरे आहे, आणि म्हणूनच आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू आईपासून तोडून आणू नये. पाच आठवड्यांचे पिल्लू हातात ठेवणाऱ्याला सरळ नकार द्यावा. परंतु भावंडाच्या मानेवरची कातडी सैल असते आणि तिच्यावर केस असतात. ज्या जोराने धरल्यास भावंडाला खेळ वाटतो, त्याच जोराने माणसाच्या मनगटातून रक्त येते. दोन्ही पिल्ले दिवसभर एकमेकांवर सराव करतात आणि ते माप आपल्या हातावर वापरतात. माणसाच्या त्वचेचे माप माणसालाच शिकवावे लागते, आणि तेही एकेका पिल्लाला, दुसरे समोर नसताना.

उपाय त्यामुळे एकाच वाक्याचा आहे: दोघांना वेगळे करावे. हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात त्याने मला दहा दिवस रडवले. पहिल्या दिवशी मी उत्साहाच्या भरात गोटीला तासभर दुसऱ्या खोलीत बंद केले. तिने दार ओरबाडून नखे दुखवून घेतली आणि त्यानंतर त्या खोलीच्या उंबरठ्यावर पाय ठेवायलाही ती तयार होईना. ही चूक कोणीही करू नये. सुरुवातीला मध्ये फक्त जाळीचे फाटक असावे, दोघे एकमेकांना दिसावेत, प्रत्येकाकडे चघळायला काहीतरी असावे आणि वेळ दोन-तीन मिनिटांचीच असावी. मग अंतर वाढवावे, मग नजरेआड करावे, मग दार लावावे. थोडी कुरकुर चालते, पण पिल्लू धापा टाकू लागले, लाळ गाळू लागले किंवा दाराशी झटू लागले, तर आपण एक पायरी घाईने चढलो असे समजून मागे यावे. रडू द्यावे, आपोआप गप्प होते, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. मी ऐकले होते.

वेगळे केल्यानंतर तोच जुना सल्ला, जो सतरा वेळा फसला होता, तो लागू पडला. बंड्या एकटा माझ्यासमोर असताना त्याने दात लावले, मी उठून फाटकापलीकडे गेले, आणि तो पहिल्यांदाच माझ्याकडे पाहत राहिला. खोली रिकामी झाली होती आणि ती कशामुळे रिकामी झाली, हे शोधायला आता त्याला सवड होती. पाच-पाच मिनिटांचे तीन-चार पाठ रोज, प्रत्येकाचे स्वतंत्र, आणि पाठ नसताना हाताऐवजी तोंडात द्यायला लांब दोरीचे खेळणे. दोरी आखूड असली तर दात पुन्हा बोटांवरच येतात. घरातील एकाने जरी हात नाचवून पिल्लाशी खेळणे चालू ठेवले, तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते. आमच्या घरी तो एक माणूस होता आणि पिल्लांपेक्षा त्याला शिकवणे जड गेले.

झोपेबद्दल मला कोणीच बजावले नव्हते. लहान पिल्लाला दिवसातले अठरा ते वीस तास झोप लागते आणि न झोपलेले पिल्लू वेड्यासारखे चावते. दोघे एकत्र असले की एकाने कूस बदलली तरी दुसरे उठते, दुसरे उठले की पहिल्याचा पाय ओढते, आणि दिवेलागणीपर्यंत दोघेही अर्धवट झोपेत पायांवर झेप घेऊ लागतात. स्वतंत्र पिंजऱ्यात, आधी शेजारी-शेजारी आणि नंतर थोड्या अंतरावर निजवायला लागल्यापासून संध्याकाळचा हा धुमाकूळ आठवडाभरातच बराच ओसरला. पाठ घेण्याआधी झोपेची घडी बसवायला हवी होती, असे मला आता वाटते.

आता एका वाईट सल्ल्याविषयी. अनेक वर्षे कुत्री पाळलेल्या एका गृहस्थांनी मला पिल्लाचा जबडा मुठीत दाबायला, नाकावर टिचकी मारायला आणि उताणे पाडून धरायला सांगितले, म्हणजे ‘मालक कोण’ ते त्याला कळते. मी दोन दिवस ते केले. बंड्याला ती कुस्ती वाटली आणि तो अधिक जोराने चावू लागला. गोटी माझा हात जवळ येताच मान आखडून घेऊ लागली, आणि ते निस्तरायला मला महिना लागला. मालकाने कळपातील म्होरक्यासारखा धाक बसवावा, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या अभ्यासातून पसरली. ती लोकप्रिय करण्यात हातभार लावलेले संशोधक डेव्हिड मेक यांनीच पुढे, १९९९ मध्ये, रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते, असे मांडले. अनुभव वीस वर्षांचा असला तरी तो एकेका कुत्र्याचा असतो, हेही विसरू नये. दोन भावंडे एकदम वाढवलेल्या माणसाचा सल्ला आधी घ्यावा, आणि ठरावीक दिवसांत चावणे बंद करण्याची हमी देणाऱ्या प्रशिक्षकाकडे तर जाऊच नये.

एक चूक इतकी साधी होती की लिहिताना लाज वाटते. आम्ही दोघांना नेहमी एका दमात ‘बंड्यागोटी’ अशी हाक मारत होतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांपैकी एकालाही स्वतःचे नाव कळत नव्हते, त्यामुळे खेळ हाताबाहेर जात असताना एकालाच बोलावून घेणे अशक्य होते. वेगवेगळे जेवण, वेगवेगळे फिरणे आणि स्वतंत्र हाक, ही तिन्ही कामे पहिल्या दिवसापासून करावीत. फिरण्याच्या बाबतीत तर ढिलाई परवडत नाही, कारण तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यांदरम्यान पिल्लू जे पाहते-ऐकते त्याची भीती पुढे कमी राहते, आणि भावंडाच्या आडोशाने पाहिलेले जग एकटे असताना पुन्हा अनोळखी ठरते. गोटी बंड्याबरोबर शूर होती. पशुवैद्यांकडे एकटी नेली तेव्हा ती थरथर कापत होती. लसीकरण पूर्ण झाले नसेल तर पिल्लाला कडेवर घेऊन फिरवावे, पण एकेकट्याला फिरवावे.

एकाच वेताच्या जोडीविषयी फार भयंकर गोष्टी ऐकायला मिळतात. त्यांना ठरावीक आजाराचे नाव दिले जाते, पण पशुवैद्यकात तसे मान्य निदान नाही, आणि नीट वाढलेल्या जोड्याही असतात. अजून पिल्लू आणलेच नसेल, तर माझे मत स्पष्ट आहे: एक आणावे आणि दुसरे वर्ष-दीड वर्षाने. आणली असतील, तर स्वतःला दोष देत बसू नये. कष्ट दुप्पट नव्हे, तिप्पट लागतात एवढेच. नर-मादीची जोडी असेल तर नसबंदीची वेळ पाचव्या महिन्यातच पशुवैद्यांना विचारून ठरवावी, कारण काही माद्या सहाव्या महिन्यातच माजावर येतात आणि नात्याचा विधिनिषेध कुत्र्यांना नसतो.

दात लागून कातडी फाटली, तर पिल्लू घरचे आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते, त्याआधीच्या चाव्याबाबत तर हयगय नकोच. अंग ताठ करून, नजर रोखून, अन्नावर किंवा खेळण्यावर गुरगुरत घेतलेला चावा हा खेळातला नसतो. तिथे आधी कुठे दुखत नाही ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे आणि मग वर्तनाच्या जाणकाराकडे जावे.

आज दोघेही अकरा महिन्यांचे आहेत. ते रोज एकत्र खेळतात, पण दर काही मिनिटांनी मी एकेकाला नावाने बोलावून खेळ मोडते, आणि एकच पिल्लू सारखे खाली दबलेले दिसले तर त्या दिवसापुरता खेळ संपतो. बंड्याने हाताला दात लावणे सोडले आहे. गोटी अजूनही आनंदाच्या भरात माझी बाही तोंडात धरते, मात्र दाबत नाही. मी थांबले की तीही थांबते आणि सोडते.