मुलाचा खुबा बदलायचा ठरला तर: लालबागच्या एका आईचं सांगणं

माझ्या लेकीला नववं लागलं तेव्हा संधिवाताचं निदान झालं आणि बारावीची परीक्षा झाल्यावर उजवा खुबा बदलून कृत्रिम सांधा बसवावा लागला. तेव्हापासून आईबापांचे फोन येत असतात. कुणी ओपीडीच्या बाकावर भेटलेलं असतं, कुणाला शेजारणीने नंबर दिलेला असतो. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि ऑपरेशन कधी, ते तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचं, काय विचारायचं आणि घरात काय तयारी करायची, ते मी नीट सांगू शकते.

पहिली गोष्ट, खुबा कशामुळे खराब झालाय ते एका वाक्यात समजून घ्या आणि डायरीत लिहून ठेवा. आमचा संधिवाताने झिजला. कुणाचा लहानपणच्या पर्थेस या हाडाच्या आजारामुळे वेडावाकडा झालेला असतो, कुणाचा जन्मापासूनच खोबणीत नीट बसलेला नसतो. जंतुसंसर्गाने किंवा टीबीनेही सांधा जातो. पालघर-नंदुरबारकडून, विदर्भातून सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं येतात. त्यांच्यात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोळा आतून खचतो. खूप दिवस स्टिरॉइड घेतलेल्या मुलांचंही तसंच होऊ शकतं. कारण वेगळं तशी तयारी वेगळी, म्हणून दुसऱ्याच्या मुलाचं ऐकून आपला अंदाज बांधू नका.

ज्यांच्या मुलाचं अजून निदानच झालेलं नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. खुबा दुखतो तेव्हा मूल कित्येकदा गुडघ्यावर हात ठेवतं. मग गुडघ्याचा एक्सरे निघतो, तो चांगला येतो आणि घरचे म्हणतात, शाळा चुकवायचे बहाणे. मूल लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुबा तपासून घ्या. वाढीच्या वयातल्या, विशेषतः अंगाने भरलेल्या मुलाला मांडीत किंवा गुडघ्यात दुखू लागलं आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळू लागलं, तर त्याला चालवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. खुब्याचा गोळा वाढीच्या पट्टीवरून (हाड जिथून वाढतं त्या भागावरून) घसरलेला असू शकतो आणि तेव्हा उशीर महागात पडतो.

आता खुबा बदलण्याबद्दल. लहान वयात हा पहिला उपाय नसतो. हाड कापून सांध्याची दिशा बदलता येते, गोळा पूर्ण खचायच्या आधी त्यातला दाब कमी करता येतो, संधिवातात इंजेक्शनांनी सूज आवरता येते. "खुबा न बदलता काय करता येईल, आणि त्याने किती वर्षं निघतील?" हे सर्जनना सरळ विचारा. वाढीच्या पट्ट्या मिटल्या आहेत का, हेही विचारा, कारण शक्यतो हाडांची वाढ पूर्ण झाल्यावरच ऑपरेशन करतात. पण सगळे उपाय संपले आणि मूल रात्रंदिवस कण्हतंय, तर "चाळिशीपर्यंत थांबा" म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका. शाळा, कॉलेज, मैत्रिणी ही वर्षं परत येत नाहीत, आणि वापर नसलेले स्नायू आखडत जातात ते वेगळंच.

निर्णय कसा घ्यावा? आम्ही लेकीला वही दिली आणि म्हटलं, खुब्यामुळे काय काय सुटलंय ते तूच लिही, आम्ही बघणार नाही. तिने लिहिलं: पायात मोजा आईच घालते. झोपेत कूस बदलली की जाग येते. करी रोड स्टेशनच्या जिन्यावर लोक मागून पुढे जातात आणि वळून बघतात. गणपतीत मंडळात जायचं मी बंद केलं, कारण बसायला खुर्ची मागावी लागते. आम्हाला यातलं शेवटचं माहीतच नव्हतं. ते पान सर्जननी एक्सरेच्या आधी वाचलं आणि त्यावरूनच बोलणं सुरू केलं. तुम्हीही हे करा. मूल बारा-तेरा वर्षांचं असलं तरी त्याला डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसवा, बाहेर थांबवू नका. सांधा त्याच्या अंगात राहणार आहे.

आणि त्याच्यासमोरच हेही बोला, की हा सांधा जन्मभर पुरणार नाही. मोठ्या माणसांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा बदललेल्या खुब्यांपैकी साधारण 58 टक्के 25 वर्षांनंतरही टिकलेले दिसले. तरुण मूल जास्त चालतं, जास्त जगतं, म्हणून त्याला पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशन लागणार हे धरूनच चाला. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण हाड कमी उरलेलं असतं. म्हणून विचारा: हाडाला सिमेंटने चिकटवायचा सांधा की हाड ज्याला स्वतः धरतं तो? गोळा सिरॅमिकचा का? आतली वाटी कुठल्या प्लास्टिकची? तरुणांत बहुतेक वेळा सिमेंट नसलेला सांधा आणि झीज कमी होणारं, नव्या पद्धतीचं प्लास्टिक वापरतात. हाडं बारीक असतील तर आधी सीटी स्कॅन करून नेमकं माप घेतात का, हेही विचारून ठेवा. आणि सर्जननी या वयाच्या मुलांची ऑपरेशनं केली आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

पैशाचं आधी बघा, ॲडमिट झाल्यावर नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलाचं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं, ते योजनेच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट दाखवून विचारा. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसील कार्यालयातून आधीच काढा. काउंटरवर "खाट नाही" म्हटलं तर समाजसेवा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ऑपरेशनआधीच्या आठवड्यांत दात तपासून घ्या. किडलेला दात, अंगावरचं गळू, लघवीची जळजळ, काहीही असो, आधी बरं करा, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. संधिवात असेल तर मान आणि जबडा नक्की दाखवा. तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा मान वळत नसेल तर भूल देताना नळी घालायला त्रास होतो, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आदल्या दिवशी नव्हे, बरंच आधी कळायला हवं. मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिकल इंजेक्शनं, स्टिरॉइड या संधिवाताच्या औषधांतलं काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं, ते संधिवाताच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्टिरॉइड स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. सिकलसेलच्या मुलांना पाणी, ऊब आणि रक्ताची तयारी जास्त लागते. त्यांचे रक्ताचे डॉक्टर सर्जनशी बोललेत याची खात्री करा.

आता घर. आमची खोली चाळीत, संडास गॅलरीच्या टोकाला, तोही भारतीय पद्धतीचा. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ मॅडमनी हे ऐकून आधी तेच हाती घ्यायला लावलं. आम्ही भाड्याने कमोडची खुर्ची आणली आणि मोरीत ठेवली. खुर्चीची उंची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत. पलंग कमी उंच असेल तर खाली लाकडी ठोकळे लावा, पण ते हलत नाहीत ना बघा. सतरंजी, पायपुसणं, लोळणाऱ्या वायरी उचलून ठेवा. मोरीचा उंबरा वॉकरने ओलांडता येतो का, हे ऑपरेशनआधीच वॉकर आणून पाहा.

चाळीत जिना हीच मोठी परीक्षा. चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा पाय आणि कुबडी. उतरताना कुबडी आणि ऑपरेशनचा पाय आधी. लेकीने ते रुग्णालयातच फिजिओकडून घोकून घेतलं, आणि मी चढताना असो की उतरताना, तिच्या एक पायरी खाली राहायचे. टॅक्सीत बसवताना पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरा, मुलाला पाठ करून आधी बसू द्या आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवा. पिशवीमुळे अंग घसरतं आणि खुबा पिळत नाही. बसल्यावर पिशवी काढून टाका.

आमच्या सर्जननी मागच्या बाजूने ऑपरेशन केलं होतं, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तीन बंधनं होती: खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी. तुमच्याकडे पद्धत वेगळी असेल तर बंधनंही वेगळी, ती डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. मांडी घालणं, उकिडवं बसणं, सायकल, पोहणं कधीपासून, तेही त्यातच विचारा. देव्हाऱ्यापुढे पाटावर बसायला म्हणणाऱ्या आजीला आधीच सांगून ठेवा.

पुढची लक्षणं दिसली तर तारखेची वाट बघू नका: अचानक कळ येऊन पाय आखूड झाला किंवा वळला, जखमेतून पाणी आलं, ताप चढला, पोटरी एकदम सुजून दुखू लागली. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थेट अपघात विभागात.

शाळा-कॉलेजलाही वेळेवर कळवा. वर्ग तळमजल्यावर घ्या म्हणून अर्ज द्या. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत आणि मुदतीतच जायला हवा.

एक काम मात्र ऑपरेशनच्या दिवशीच करायचं. सांध्याच्या डब्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर असतं. त्याची एक प्रत केसपेपरवर लागते, दुसरी तुम्ही मागून घ्या, फोटोही काढा. 2010 साली धातूवर धातू घासणारा एक खुब्याचा सांधा कंपनीने जगभरातून परत मागवला. तेव्हा भारतातल्या बऱ्याच रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. नंबर किंवा पत्ता बदलला की रुग्णालयालाही कळवा. लेकीचं स्टिकर आम्ही फायलीत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलंय, आणि तिच्या फोनमध्ये त्याचा फोटो आहे. एमआरआयच्या वेळी, दातांच्या डॉक्टरांकडे, विमानतळावर, ती स्वतःच सांगते की खुब्यात सांधा आहे. तपासणीची तारीखही आता तीच लक्षात ठेवते. दुखत नसलं तरी सर्जन सांगतील तेव्हा एक्सरे काढायचाच, कारण वाटी झिजायला लागली तरी बरेच दिवस काहीच दुखत नाही.