'द किंग ऑफ मार्व्हिन गार्डन्स' कसा पाहावा

बॉब राफेल्सन यांनी दिग्दर्शित केलेला 'द किंग ऑफ मार्व्हिन गार्डन्स' हा 1972 सालचा अमेरिकन चित्रपट दुरावलेल्या दोन भावांविषयी आणि त्यांच्यातील एकाच्या अशक्य स्वप्नाविषयी आहे. राफेल्सन यांचा 1970 सालचा 'फाइव्ह ईझी पीसेस' गाजला होता, आणि त्याच जोरावर आलेला हा चित्रपट मात्र तिकीटबारीवर पडला व पुढे बराच काळ दुर्लक्षित राहिला. तो पाहायचा असेल तर थोडी तयारी करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. कथानक अवघड नाही, परंतु कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यायचे हे हा चित्रपट स्वतःहून सांगत नाही, आणि त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच तो बाजूला ठेवण्याचा मोह होतो.

पहिली तयारी शीर्षकाची करावी. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत 'व्यापार' हा खेळ खेळलेला असतो. त्याचे मूळ असलेल्या मोनोपॉलीच्या अमेरिकन पटावरील रस्त्यांची नावे न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरावरून घेतलेली आहेत, आणि चित्रपटही तेथेच घडतो. पटावर मार्व्हिन गार्डन्स ही 280 डॉलर किमतीची पिवळी जागा आहे. सर्वांत महाग असलेल्या बोर्डवॉकची किंमत 400 डॉलर आहे. प्रत्यक्षात ही वसाहत अटलांटिक सिटीत नाहीच. ती शेजारच्या मार्गेट गावात आहे, आणि मार्गेट व व्हेंटनर या दोन गावांच्या नावांतील अक्षरे जोडून तिचे खरे नाव 'मार्व्हेन' असे झालेले आहे. पटावर ते चुकीचे छापले गेले. शहराबाहेरच्या आणि नावही चुकलेल्या जागेचा राजा, एवढे ध्यानात ठेवून चित्रपट सुरू केला, की थोरल्या भावाची ओळख त्याचे तोंड दिसण्यापूर्वीच झालेली असते.

दुसरी तयारी शहराच्या इतिहासाची. समुद्रकाठी लाकडी फळ्यांचा लांबलचक पदपथ, म्हणजेच बोर्डवॉक, येथे 1870 साली प्रथम बांधला गेला, आणि पुढे हे शहर पूर्व किनाऱ्यावरील लोकांचे आवडते सुट्टीचे ठिकाण बनले. 'मिस अमेरिका' स्पर्धाही 1921 साली येथेच सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास सोपा झाला, लोक दूरच्या किनाऱ्यांकडे वळले आणि येथली भव्य हॉटेले ओस पडू लागली. राफेल्सन यांनी कॅमेरा नेला तो या पडत्या काळात, तोही हिवाळ्यात. न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कॅसिनोला परवानगी दिली ती 1976 साली, आणि पहिला कॅसिनो उघडला 1978 साली. चित्रपटातील बरेच प्रसंग ज्या मार्लबरो-ब्लेनहाइम हॉटेलात घडतात, ते पुढे कॅसिनोसाठीच पाडले गेले. थोरला भाऊ कॅसिनोचे स्वप्न दूरच्या हवाईमधील एका बेटावर रचत असतो आणि काही वर्षांतच तसे कॅसिनो त्याच्याच पायांखालच्या वाळूलगत उभे राहतात, ही गोष्ट दिग्दर्शकाला चित्रीकरणाच्या वेळी ठाऊक असणे शक्य नव्हते. आज पाहताना मात्र ती प्रत्येक दृश्यामागे उभी असते.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. रात्री, खोलीतील दिवे मालवून, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा. छायाचित्रकार लास्लो कोव्हाक्स यांनी माणसे रिकाम्या पदपथावर आणि राखाडी आकाशाखाली इतकी लहान टिपली आहेत, की फोनच्या पडद्यावर ती हरवूनच जातात. उपशीर्षके अवश्य सुरू ठेवावीत, कारण थोरला जेसन, म्हणजे ब्रूस डर्न, भराभर बोलतो.

पहिल्या दृश्याला सर्वाधिक वेळ द्यावा. काळोखातून हळूहळू एक चेहरा उजळतो आणि धाकटा डेव्हिड, म्हणजे जॅक निकल्सन, कॅमेऱ्याकडे पाहत कित्येक मिनिटे एक आठवण सांगत राहतो: आजोबांच्या घशात माशाचा काटा अडकला आणि आम्ही दोघा भावांनी त्यांना मरू दिले. मग उमगते की तो फिलाडेल्फियातील एका रेडिओ केंद्रावर रात्रीच्या श्रोत्यांशी बोलत आहे. तो घरी जातो, तर आजोबा जिवंत आहेत. येथे चित्रपट थांबवून पुन्हा पहिल्यापासून ते निवेदन ऐकावे, अशी माझी शिफारस आहे. भावाभावांमधील जवळीक डेव्हिडला एका काल्पनिक अपराधातच मांडता येते, हे दुसऱ्यांदा ऐकताना जाणवते. आणि पुढे जेसन जे जे सांगतो ते खरे की खोटे, यापेक्षा ते सांगण्याची त्याला गरज का पडते, हा प्रश्न मनात राहू लागतो. स्वप्ने रचणारा थोरला आणि वास्तवात जगणारा धाकटा, अशी विभागणी सोयीची वाटेल, पण ती करू नये. धाकटाही गोष्टी रचूनच पोट भरतो. फरक एवढाच, की त्याच्या गोष्टींना कोणी पैसे गुंतवत नाही.

निकल्सन यांच्याकडून बेदरकार, संतापी माणसाची अपेक्षा ठेवून पाहणारा प्रेक्षक निराश होईल. येथे ते चष्मा लावलेला, दबलेला, दुसऱ्याचे ऐकून घेणारा माणूस उभा करतात, आणि माझ्या मते त्यांच्या उत्तम कामांत याची गणना व्हायला हवी. म्हणून जेसन बोलत असतानाही नजर डेव्हिडवर ठेवावी. आपल्याला अटलांटिक सिटीला बोलावून घेणारा भाऊ तुरुंगात आहे, आणि ज्या लुइस नावाच्या स्थानिक गुन्हेगारी म्होरक्याच्या जोरावर जेसन उड्या मारतो, तो लुइस त्याला सोडवायला तयार नाही, हे सारे डेव्हिडला लवकरच कळते. तरीही तो परत जात नाही, आणि त्याचे कारण कोणत्याही संवादात नाही, केवळ त्याच्या चेहऱ्यावर आहे.

दोन स्त्रियांना दुय्यम समजण्याची चूक करू नये. जेसनची सोबतीण सॅली, म्हणजे एलन बर्स्टिन, वाढत्या वयाला घाबरलेली आहे, आणि तिची सावत्र मुलगी जेसिका, म्हणजे जूलिया अ‍ॅन रॉबिन्सन, तिच्या डोळ्यांदेखत तिची जागा घेत चालली आहे. रिकाम्या कन्व्हेन्शन हॉलमध्ये हे चौघे सौंदर्यस्पर्धेचा खेळ मांडतात, ते दृश्य वरवर गमतीचे आहे. त्या वेळी सॅली काय करते आहे, ते पाहावे. पुढे समुद्रकाठी ती जो जाळ पेटवते, त्याची पहिली ठिणगी मला तेथे दिसते. भावांच्या गोष्टीचा शेवट कोणाच्या हातून होणार, याची चाहूलही त्याच हॉलमध्ये लागते.

शेवट येथे सांगत नाही, आणि तो आधी कोठे वाचूही नये. अखेरीस आजोबांच्या घरी भिंतीवर एक जुनी घरगुती चित्रफीत चालू असते: दोन लहान मुले समुद्रकाठी वाळूचा किल्ला बांधत आहेत. ती संपेपर्यंत उठू नये, आणि त्यानंतर लगेच पहिले दृश्य लावून, माशाच्या काट्याच्या त्या गोष्टीत 'माझा भाऊ' हे शब्द डेव्हिड कसे उच्चारतो, ते ऐकावे.