कॅनडात प्रॅक्टिकल नर्स व्हायचंय? कागदांतल्या या चुका टाळा

दरवर्षी गणपतीत मी कुडाळला घरी येते आणि आरती आटोपते न आटोपते तोच ओटीवर दोन-तीन मुली येऊन बसतात. कुणी देवगडची, कुणी चिपळूणची, सगळ्या जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा झालेल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, किती महिन्यांत होईल?" मी इथे शिकले आणि कॅनडात प्रॅक्टिकल नर्सचं लायसन्स काढलं. त्यात माझी जवळजवळ दोन वर्षं गेली, पैकी बरेच महिने एका अक्षरापायी. म्हणून महिन्यांचं उत्तर मी देत नाही. आधी पासपोर्ट मागते.

चार कागदांवर चार नावं

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. जीएनएमच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या परिचर्या परिषदेत माहेरचं आडनाव गावडे, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या जागी व्ही. आणि लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टावर सासरचं आडनाव. गावात याचं काही अडत नाही. नुसतं "अमक्याची सून" लिहिलं तरी पोस्टमन पत्र आणून देतो. तिकडे कागद तपासणाऱ्यासमोर मात्र या चार वेगवेगळ्या बायका होत्या.

मी घाई केली. अर्ज भरला, फी भरली, परिषदेला नोंदणीची पडताळणी पाठवायला सांगितली आणि नावाचं नंतर बघू म्हटलं. फाइल उघडली होती सासरच्या नावानं, पडताळणी गेली व्हीवाल्या माहेरच्या नावानं. ती माझ्या फाइलला लागलीच नाही. चार महिने मी कागद पोचायची वाट बघत होते आणि तो कधीचाच पोचून एका बाजूला पडला होता. मग लग्नाचा दाखला काढा, राजपत्रात नावबदल छापून आणा, परिषदेतली नोंद दुरुस्त करा, नव्यानं पडताळणी मागा. त्यासाठी मुंबईच्या तीन खेपा झाल्या. संध्याकाळी कुडाळला तुतारी पकडायची, सकाळी दादरला उतरायचं आणि खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं. हे सगळं अर्जाच्या आधी केलं असतं तर एका खेपेत भागलं असतं.

आता मी मुलींना जमिनीवर बसवते आणि सगळे कागद पसरायला लावते. वहीत सर्वांत वर पासपोर्टावरचं नाव, त्याखाली प्रत्येक कागदावरचं, अक्षर न अक्षर उतरवून. फरक दिसला की लाल रेघ. लाल रेघा संपेपर्यंत अर्जाला हात लावू देत नाही. क्रमही पक्का ठेवते: लग्नाचा दाखला आणि राजपत्र आधी, मग परिषदेतली नोंद, सगळ्यात शेवटी पडताळणी. लग्न गावात झालं असेल तर विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत होते, त्यासाठी तालुक्याला धावायला नको. आणि ज्यांचं लग्न ठरलंय त्यांना मी स्पष्ट सांगते. ताटातल्या तांदळात जे नाव लिहायचं ते आनंदानं लिहा, पण लायसन्स हातात येईपर्यंत पासपोर्टावरचं नाव बदलू नका. सासरच्यांना हे समजावून सांगायला मी दोनदा स्वतः गेले आहे.

शाळेनं तास लिहिलेच नाहीत

बाहेर शिकलेल्या नर्सचं शिक्षण कॅनडातल्या शिक्षणाशी ताडून बघायचं काम बऱ्याच प्रांतांसाठी एनएनएएस (नॅशनल नर्सिंग असेसमेंट सर्व्हिस) ही संस्था २०१४ पासून करते. तिचा अहवाल प्रांताच्या नियामक संस्थेकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेकडे जातो. यातला मुख्य नियम आपल्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही. शिक्षण, नोंदणी आणि नोकरीचे कागद तुम्ही पाठवायचे नसतात. नर्सिंग स्कूलनं, परिषदेनं आणि, मागितलं तर, जिथे नोकरी केली त्या हॉस्पिटलनं ते थेट पाठवायचे असतात. ओळखीच्या क्लार्ककडून सीलबंद पाकीट हातात घेतलं, घरी फोडून बघितलं, पुन्हा चिकटवून पाठवलं, असं करणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. त्या पाकिटाचा काही उपयोग नाही.

देवगडच्या एका मुलीचं दुखणं वेगळं होतं. तिच्या शाळेनं फॉर्म वेळेवर, थेट पाठवला. पण तासांच्या रकान्यात 'कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार' एवढंच लिहिलं आणि अभ्यासक्रमाची झेरॉक्स जोडून दिली. तपासणाऱ्याला अभ्यासक्रम नको असतो, या मुलीनं प्रत्यक्ष काय केलं ते हवं असतं. वर्गात किती तास, वॉर्डात किती. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, सगळं वेगवेगळं. या पोरीनं रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पूर्ण पोस्टिंग केली होती. तिथल्या रुग्णांबद्दल ती तासभर बोलू शकते. फॉर्मावर त्याचा एक आकडा नव्हता. अहवालात मानसिक आरोग्याच्या विषयात कमतरता निघाली आणि जे आधीच शिकली होती तेच तिला पैसे भरून पुन्हा शिकावं लागलं. ओटीवर बसून ती रडली तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही.

क्लार्कला मी दोष देत नाही. लहान शाळा, असा फॉर्म त्यानं पूर्वी पाहिलेलाही नसतो. म्हणून माझी पद्धत अशी: फोनवर काम सांगायचं नाही, शाळेत स्वतः जायचं. आपलं लॉगबुक आणि क्युम्युलेटिव्ह रेकॉर्ड बरोबर न्यायचं. विषयवार तासांचा तक्ता घरीच पेन्सिलीनं तयार करायचा, क्लार्कच्या शेजारी बसून तो शाळेच्या रजिस्टरशी जुळवायचा, आणि प्राचार्यांनी खात्री करून सही केली की तिथून निघायचं. शाळेच्या नोंदीत नसलेला एकही तास वाढवायचा नाही. यात दोन दिवस मोडतात, मोडू द्यावेत. बॅचकडेही लक्ष ठेवा. जीएनएम पूर्वी साडेतीन वर्षांचं होतं, २०१५-१६च्या सुधारित अभ्यासक्रमापासून ते ३ वर्षांचं झालं. जुन्या बॅचच्या मुलीच्या कागदाला नवा अभ्यासक्रम जोडलेला मी पाहिला आहे.

लॅमिनेशन. आपल्या पावसात कपाटातल्या कागदावर बुरशी धरते, म्हणून आईवडील प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणतात. प्लास्टिक चढलेल्या कागदावर पुढे कुणाला शिक्का मारता येत नाही. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आरपीएन ही तीन अक्षरं. बहुतेक प्रांतांत प्रॅक्टिकल नर्सला एलपीएन म्हणतात, लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. ओंटारियोत तिलाच आरपीएन म्हणतात, रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स. पण ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबात आरपीएन म्हणजे रजिस्टर्ड सायकिअ‍ॅट्रिक नर्स. आधी प्रांत ठरवा, मग रकान्यावर खूण करा. आणि पीएसडब्ल्यूच्या (पर्सनल सपोर्ट वर्कर, रुग्णांची रोजची काळजी घेणारी मदतनीस) कोर्सला प्रवेश घेऊन "नर्सिंगला लागले" असं घरी सांगू नका. ते काम मोलाचं आहे, पण त्यातून नर्सचं लायसन्स मिळत नाही.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. एक्स्प्रेस एंट्री या सरकारी मार्गानं होणाऱ्या इमिग्रेशनला तिचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार चालतो, नर्सिंगच्या लायसन्ससाठी अ‍ॅकॅडमिक द्या. गुण २ वर्षंच धरतात, त्यामुळे कागद मार्गी लागायच्या आधी परीक्षा उरकून टाकण्यात फायदा नाही.

परिषदेचं नूतनीकरण थकवून पडताळणी मागू नका.

एजंट. "ताई, एजंट म्हणता, सगळा आमी बघतलंव." हे ऐकलं की मी एकच विचारते. अर्जाला ईमेल कुणाचा दिला? बहुतेक वेळा एजंटाचा असतो. पासवर्डही त्याचाच. संस्थेनं कागद मागितला तर पत्र त्याला जातं, तो महिनाभर उघडत नाही आणि मुलगी इथे भातलावणी करत वाट बघते. एकीच्या अर्जात तर तिनं न केलेली एक वर्षाची नोकरी घातली होती. खोटी माहिती सापडली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि त्याचा डाग एजंटाला लागत नाही, तिला लागतो. नोकरीत खंड असेल तर खंड म्हणूनच लिहा. मूल झालं, सासूचं आजारपण काढलं, यात लपवण्यासारखं काय आहे? फक्त खंड फार लांबू देऊ नका, कारण गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष नर्सिंग केल्याचा पुरावा मागतात. अर्ज स्वतः भरा. ज्या मुलीला सलाइनचे थेंब मोजता येतात तिला हा फॉर्मही भरता येतो.

परीक्षा. जानेवारी २०२२ पासून ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियात प्रॅक्टिकल नर्सच्या लायसन्ससाठी रेक्स-पीएन ही परीक्षा आहे, त्याआधी सीपीएनआरई होती. त्यानंतरही गेलेल्या मैत्रिणीची जुनी सीपीएनआरईची पुस्तकं घेऊन त्याच प्रांतांची तयारी करणाऱ्या मुली मी पाहिल्या. रेक्स-पीएनमध्ये कमीत कमी ९० आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, वेळ ४ तास. तुमच्या उत्तरावरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. त्यामुळे टेलिग्रामवरचे 'आलेले प्रश्न' घोकून काही हाती लागत नाही.

आपल्या मुली अडतात ते एका सवयीपायी. वॉर्डात वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं, "आधी डॉक्टरांना कळव." प्रश्नात रुग्णाला धाप लागलेली असते, आणि चारांत 'डॉक्टरांना कळवा' दिसलं की हात तिकडे जातो. पण नर्सनं आधी काय बघायचं ते विचारलेलं असतं. श्वास मोजलात का, ऑक्सिजनची पातळी बघितलीत का, उशाशी उंचवटा दिलात का? प्रॅक्टिकल नर्सला आणखी एक गोष्ट ओळखावी लागते. रुग्ण स्थिर आहे तोवर आपल्याकडे, बिघडायला लागला की रजिस्टर्ड नर्सला केव्हा बोलवायचं. मी रोज २५ प्रश्न सोडवायचे आणि चुकलेल्या प्रत्येकाखाली 'मी आधी काय बघायला हवं होतं' हे मराठीत लिहायचे. तशा तीन वह्या भरल्या. महिन्याभरात सगळं उरकू म्हणणाऱ्यांना मी त्या वह्या दाखवते.

गौरी गेल्यावर मी आठवडाभर घरी असते. येताना मूळ पासपोर्ट, परिषदेचं नोंदणीपत्र, लग्नाचा दाखला, लॉगबुक आणि एक कोरी वही आणा. लाल पेन माझ्याकडे आहे.